मॅक्सी कोणत्या कपाटाकडे जाईल?

मॅक्सी नावाचा एक मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवतो आणि खेळायला बाहेर पडतो. तो नसताना आई त्यातलं थोडं चॉकलेट केकमध्ये घालते आणि उरलेलं हिरव्या कपाटात ठेवून देते. थोड्या वेळाने मॅक्सी परत येतो. त्याला चॉकलेट हवं आहे. तो कोणत्या कपाटाकडे जाईल?

निळ्या, हे आपण विचार न करताच सांगतो. पण साडेतीन वर्षांच्या मुलाला ही गोष्ट चित्रं दाखवत सांगा आणि हाच प्रश्न विचारा. ते बेधडक हिरव्या कपाटाकडे बोट दाखवतं. गोष्ट त्याला समजलेली असते. चॉकलेट आधी कुठे होतं, ते कोणी हलवलं, मॅक्सी तेव्हा घरात होता का, या सगळ्याची उत्तरं ते नीट देतं. अडतं एकाच ठिकाणी. चॉकलेट खरोखर एकीकडे असताना कोणी ते दुसरीकडेच आहे असं मानून चालू शकतो, हे त्याच्या हिशेबात बसत नाही.

हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञांनी हा प्रयोग १९८३ साली प्रसिद्ध केला. मुलांना हाच पेच दोन गोष्टींमधून घातला होता. तीन ते चार वर्षांच्या एकाही मुलाला दोन्ही वेळा बरोबर जागा दाखवता आली नाही. चार ते सहा वर्षांच्या गटात ५७ टक्के मुलांना ते जमलं आणि सहा ते नऊच्या गटात ८६ टक्के मुलांना. त्यानंतर देशोदेशी या प्रयोगाच्या नाना आवृत्त्या निघाल्या. २००१ साली हेन्री वेलमन आणि सहकाऱ्यांनी असे १७८ अभ्यास एकत्र करून तपासले. चित्रं वापरा नाहीतर बाहुल्या, प्रश्न असा फिरवा नाहीतर तसा, तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या दरम्यान मुलांमध्ये हा बदल घडतो हे त्यातून पक्कं झालं. तो नेमका कितव्या महिन्यात घडतो, हे मात्र देशागणिक आणि मुलागणिक वेगळं निघालं. पुढे जे सांगायचं आहे ते या फरकाबद्दल आहे.

त्याआधी आणखी एक प्रयोग सांगतो, कारण मॅक्सीपेक्षा तो मला जास्त चक्रावून टाकणारा वाटतो. आपल्याकडच्या जेम्ससारख्या ‘स्मार्टीज’ नावाच्या गोळ्या परदेशात मिळतात. मुलाला त्या गोळ्यांचा बंद डबा दाखवून विचारतात, यात काय आहे? मूल खुशीत सांगतं, गोळ्या. डबा उघडला की आतून निघते पेन्सिल. डबा पुन्हा बंद करतात आणि विचारतात, बाहेर तुझा मित्र थांबलाय, त्याने हा डबा अजून उघडलेला नाही, तो काय म्हणेल? तीन वर्षांचं मूल सांगतं, पेन्सिल. इथवर मॅक्सीचीच गोष्ट झाली. १९८८ साली ॲलिसन गॉपनिक आणि जॅनेट ॲस्टिंग्टन यांनी प्रश्न मुलावरच उलटवला. डबा उघडायच्या आधी तुला काय वाटलं होतं रे? उत्तर तेच, पेन्सिल! दोन मिनिटांपूर्वी स्वतःच ‘गोळ्या’ म्हणाल्याचं त्याच्या गावीही नसतं. म्हणजे दुसऱ्याचं मन ओळखता येत नाही तेव्हा स्वतःचं कालचं मनही ओळखता येत नाही. ‘माझी समजूत चुकीची होती’ हे वाक्य त्या वयाच्या मुलाला अजून सुचूच शकत नाही.

लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. तिची सगळी गंमत वाघाला काय ठाऊक नाही यावर उभी आहे. म्हातारी भोपळ्यात आहे हे ऐकणाऱ्याला माहीत, वाघाला नाही. अडीच-तीन वर्षांचं मूल या गोष्टीत भोपळ्याच्या उड्यांवर आणि लयीवर खूश असतं. पाच वर्षांच्या मुलाला वाघ कसा फसला याचं हसू येतं. गोष्ट एकच, पण दोघांनी ऐकलेली वेगळी.

मधल्या दोन वर्षांत काय होतं? पहिलं उत्तर मेंदूत शोधायला हवं. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या मेंदूच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोचलेलं असतं. पण आकार वाढला म्हणजे काम झालं असं नाही. बालपणी चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या टिकतात आणि उरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. पाहण्या-ऐकण्याच्या भागांत हे काम लवकर होतं, कपाळामागच्या भागात मात्र ते पौगंडावस्था उलटेपर्यंत चालू असतं. त्याच काळात लांबवरच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंवर मायलिन नावाच्या मेदयुक्त द्रव्याचं वेष्टण चढतं आणि संदेशांचा वेग वाढतो.

दुसऱ्याच्या मनातल्या समजुतींचा विचार करताना मेंदूचा एक खास भाग कामाला लागतो, हे रिबेका सॅक्स आणि नॅन्सी कॅनविशर यांनी २००३ साली दाखवलं. हा भाग उजव्या कानाच्या वर, किंचित मागच्या बाजूला असतो. पुढे २०१८ साली सॅक्स यांच्या गटाने ३ ते १२ वर्षांच्या १२२ मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून पिक्सार कंपनीचा ‘पार्टली क्लाउडी’ हा छोटा, संवाद नसलेला ॲनिमेशनपट दाखवला. त्यात एक ढग आणि एक करकोचा आहेत. कधी करकोच्याला इजा होते, तर कधी ढगाला वाटतं की मित्र आपल्याला सोडून गेला. दुसऱ्याची शारीरिक वेदना पाहताना जागं होणारं जाळं आणि दुसऱ्याचं मन ओळखताना जागं होणारं जाळं तिसऱ्या वर्षीही वेगवेगळं असल्याचं दिसलं. वय वाढत जातं तसा हा वेगळेपणा ठळक होतो. विशेष म्हणजे, मॅक्सीसारख्या प्रश्नांत चुकणाऱ्या मुलांच्या मेंदूतही ही दोन जाळी वेगळी होती. जर्मनीतल्या लाइपझिग इथे तीन आणि चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात आढळलं की, मन ओळखणाऱ्या जाळ्याला कपाळामागच्या भागाशी जोडणारे तंतू ज्या मुलांत जास्त पक्व झाले होते, तीच मुलं या प्रश्नांची उत्तरं बरोबर देत होती.

एवढं वाचून कोणी म्हणेल, झालं तर मग. मेंदूचं आपलं एक वेळापत्रक आहे. दात येतात तसं दुसऱ्याचं मनही आपोआप कळायला लागत असेल.

तसं असतं तर भावंडं असण्या-नसण्याने काही फरक पडायला नको होता, पण तो पडतो. १९९४ साली पेर्नर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की भावंडं असलेली तीन-चार वर्षांची मुलं या कसोटीत एकुलत्या एक मुलांच्या पुढे असतात. नंतरच्या अभ्यासांत हा लाभ मुख्यतः थोरल्या भावंडांमुळे होतो असं दिसलं. धाकट्याला ताई-दादा फसवतात, चिडवतात, खोटंखोटं खेळायला लावतात, आणि आईपुढे भांडताना आपली बाजू मांडावी लागते ती वेगळीच. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर आणि सायप्रसमध्ये, जिथे आजी-आजोबा, काका, आत्या, चुलत भावंडं अशा गोतावळ्यात मुलं वाढतात, तिथे चार्ली लुईस आणि सहकाऱ्यांना १९९६ साली असंच काहीसं आढळलं. रोज जितकी जास्त मोठी माणसं आणि मोठी मुलं भोवती, तितकं मूल या बाबतीत पुढे. एकत्र कुटुंबाच्या आठवणी काढून हळवे होणाऱ्यांना यातून लगेच निष्कर्ष काढायचा मोह होईल. जरा थांबा. माणसं नुसती घरात असून भागत नाही. ती मुलाशी काय बोलतात यावर बरंच अवलंबून असतं.

ज्यूडी डन यांनी अमेरिकेतल्या ५० मुलांच्या घरी जाऊन, मुलं ३३ महिन्यांची असताना, घरातलं साधं बोलणं टिपून घेतलं. कोण रागावलं, का रागावलं, कोणाला कशाचं वाईट वाटलं, कोणी काय मुद्दाम केलं, असं बोलणं ज्या घरांत जास्त होतं, तिथली मुलं सात महिन्यांनी या कसोटीत सरस ठरली. २००२ साली टेड रफमन आणि सहकाऱ्यांनी काही काळाच्या अंतराने पुन्हा पुन्हा नोंदी घेऊन दाखवलं की आईच्या बोलण्यातल्या ‘वाटतं’, ‘माहीत आहे’, ‘आठवतंय’ अशा क्रियापदांवरून मुलाची पुढची समज सांगता येते. मुलाच्या आधीच्या समजेवरून आईचं पुढचं बोलणं मात्र तसं सांगता येत नाही. कोणामुळे काय होतं, हे त्यातून बऱ्यापैकी उघड होतं.

शंकेखोर वाचक तरीही म्हणेल की बोलक्या, समंजस आईचं मूल समंजस निघतं ते रक्तातूनच. शंका रास्त आहे, आणि ती जुळ्यांवर तपासली गेली आहे. क्लेअर ह्यूज आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पाच वर्षांच्या जुळ्यांच्या १,११६ जोड्यांना या कसोट्या दिल्या. मुलामुलांत जो फरक दिसला त्यातला बहुतेक वाटा परिस्थितीचा निघाला, आनुवंशिकतेचा अगदी थोडा.

तरी हे सगळे पुरावे कमी-जास्तीचे आहेत. कोणी सहा महिने आधी पोचतं, कोणी नंतर. मेंदू पूर्ण तयार असेल, पण मनांबद्दलचं बोलणं कधी कानावर पडलंच नाही, तर काय होईल? असा प्रयोग मुद्दाम कोणी करू शकत नाही, करूही नये. पण परिस्थितीने तो करून ठेवला आहे.

बहुसंख्य कर्णबधिर मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. घरात खाणाखुणांची भाषा कोणालाच येत नसते. जेव, झोप, तिकडे जाऊ नको, एवढं हातवाऱ्यांनी भागतं. ‘तुला वाटलं बाबा विसरले, पण ते विसरले नव्हते’ हे हातवाऱ्यांनी कसं सांगणार? ऑस्ट्रेलियात कँडिडा पीटरसन आणि मायकेल सीगल यांनी १९९५ साली ८ ते १३ वर्षांच्या कर्णबधिर मुलांना ही कसोटी दिली तेव्हा त्यांतली बहुतेक चुकली. बुद्धी नेहमीसारखी, स्वभाव मिळूनमिसळून राहण्याचा, आणि तरीही चार-पाच वर्षांच्या मुलांना जमणारं कोडं सुटेना. आता दुसरी बाजू. ज्या कर्णबधिर मुलांचे आईवडील स्वतः कर्णबधिर आहेत आणि जी पाळण्यापासून सांकेतिक भाषा पाहत वाढली, ती ऐकू येणाऱ्या मुलांच्याच वयात ही कसोटी पार करतात. तेव्हा उणीव कानात नव्हती आणि मेंदूतही नव्हती.

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वामध्ये तर हे अख्ख्या पिढीच्या बाबतीत घडलं. १९७० च्या दशकापर्यंत तिथली कर्णबधिर माणसं आपापल्या घरात, इतर कर्णबधिरांपासून तुटलेली, घरापुरत्या खुणांवर जगत होती. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष मुलांची शाळा सुरू झाली, १९७९ च्या क्रांतीनंतर तिचा विस्तार झाला आणि मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाचीही सोय झाली. १९८३ पर्यंत ४०० हून अधिक कर्णबधिर मुलं तिथे जमली होती. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवण्यात गुंतले होते, आणि त्याचा फारसा उपयोग होत नव्हता. मुलांनी मात्र मैदानात आणि शाळेच्या बसमध्ये आपापल्या घरगुती खुणा एकत्र करून नवीच भाषा उभी केली. १९८६ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ज्यूडी केगल तिथे पोचल्या तेव्हा जगाला कळलं की इथे एक भाषा डोळ्यांदेखत जन्माला येते आहे. पहिल्या तुकडीची भाषा साधी होती. पुढच्या तुकडीतल्या लहानग्यांनी ती उचलली आणि कितीतरी समृद्ध केली. माणसांना काय वाटतं, काय ठाऊक असतं, हे सांगणाऱ्या खुणा पहिल्या तुकडीच्या वापरात अगदीच कमी होत्या, दुसऱ्या तुकडीच्या वापरात त्या सहज होत्या.

जेनी पायर्स आणि ॲन सेंगस यांनी २००१ मध्ये या दोन्ही तुकड्यांतल्या मोजक्या लोकांना मॅक्सीसारखीच एक गोष्ट शब्दांविना, फक्त चित्रांतून दिली. थोरला भाऊ खेळण्यातली आगगाडी पलंगाखाली ठेवून जातो, धाकटा ती दुसरीकडे लपवतो. थोरला परत आल्यावर काय करेल, ते शेवटचं चित्र तेवढं निवडायचं. पहिल्या तुकडीतली माणसं तेव्हा पंचविशी ओलांडलेली होती, दुसरी तुकडी त्यांच्याहून दहाएक वर्षांनी लहान. तरुण मुलांनी चित्र बरोबर निवडलं आणि त्यांच्याहून थोरली माणसं चुकली. ही माणसं कामधंदा करत होती, चारचौघांसारखी वावरत होती. त्यांचा मेंदू तर केव्हाच प्रौढ झालेला होता. वेळापत्रकाचाच प्रश्न असता तर त्यांची गाडी कधीच स्टेशनात लागली असती.

दोन वर्षांनी संशोधक परत गेले. मधल्या काळात पहिल्या तुकडीतल्या लोकांची कर्णबधिरांच्या क्लबमध्ये तरुणांशी ऊठबस वाढली होती आणि मनाबद्दल बोलण्याच्या खुणा त्यांच्याही हातात आल्या होत्या. या खेपेला त्यांची उत्तरं सुधारली. निवडलेली माणसं थोडी होती, हे मान्य. पण या विषयावर मी जे काही वाचलं आहे त्यात एवढा बोलका पुरावा दुसरा नाही. मेंदूची वाढ जागा तयार करते. ती जागा माणसांशी बोलून भरते, आणि हे बोलणं उशिरा मिळालं तरी पूर्ण वाया जात नाही.

सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉत्स्की यांचं १९३४ साली, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी निधन झालं. मुलाची कुठलीही वरच्या पायरीची मानसिक क्षमता आधी दोन माणसांमध्ये असते आणि मग मुलाच्या आत जाते, असं ते म्हणत असत. मानाग्वातला तो क्लब त्यांनी पाहायला हवा होता.

प्रत्येक समाजात हे बोलणं एकसारखं नसतं, हेही ओघाने आलं. २००५ साली तारा कॅलघन आणि सहकाऱ्यांनी कॅनडा, भारत, पेरू, सामोआ आणि थायलंड इथल्या मुलांची तुलना केली तेव्हा पाचव्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं कसोटी पार करताना दिसली. पण २०१३ साली सामोआतल्या मुलांच्या बऱ्याच मोठ्या गटावर झालेल्या अभ्यासात बहुतांश मुलांना आठव्या वर्षापर्यंत वेळ लागला. दुसऱ्याच्या मनात काय आहे याबद्दल आपण बोलू नये, असा त्या बेटांवरचा रिवाज आहे. चीनमधल्या मुलांना ‘एखाद्याला एखादी गोष्ट माहीत नसते’ हे आधी उमगतं आणि ‘दोन माणसांची मतं वेगळी असू शकतात’ हे नंतर. अमेरिकेतल्या मुलांचा क्रम याच्या उलटा असतो. इराणमधली मुलं चिनी मुलांच्या वाटेने जातात. मोठ्यांनी सांगायचं आणि लहानांनी शिकायचं अशी जिथे घडी आहे, तिथे ज्ञान-अज्ञान आधी कळतं. जेवणाच्या टेबलावर मुलाचं मत विचारतात, तिथे मतभेद आधी कळतो. आपली घरं यात कुठे बसतात, हे ज्याचं त्याने ठरवावं. ‘मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस’ हे मात्र आपल्याकडे कोणत्याही मुलाला नव्याने सांगावं लागत नाही.

जाता जाता आईवडिलांसाठी एक दिलासा. चीनमध्ये खोटं बोलता न येणाऱ्या तीन वर्षांच्या मुलांना काही दिवस दुसऱ्याच्या मनाबद्दलच्या गोष्टी आणि खेळ शिकवले, तेव्हा ती मुलं लपवाछपवीच्या खेळात समोरच्याला सफाईने फसवू लागली. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. चौथ्या वर्षी मूल ‘लाडू मी नाही खाल्ला’ असं तोंडाला बेसन लागलेलं असताना सांगतं, तेव्हा त्याला रागवा हवं तर, पण आईला जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे हा शोध त्याला नुकताच लागला आहे, एवढं ध्यानात असू द्या.

या सगळ्यातून हाती घ्यावं असं एकच काम मला तातडीचं वाटतं. मुलाला ऐकू येत नाही हे उशिरा लक्षात येतं, आणि आपल्याकडे ‘याचे बाबाही उशिराच बोलायला लागले’ म्हणत घर थांबून राहतं. नवजात बाळाच्या श्रवणाची तपासणी काही मिनिटांची आहे, बाळ झोपेत असताना होते आणि दुखत नाही. २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आणि पुढच्या तपासण्यांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी, म्हणजे लवकर निदान आणि उपचार करणारी केंद्रं, आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच क्षेत्रात काम करते. निदान झालं तर श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांटच्या प्रतीक्षेत बसून न राहता घरातल्या सगळ्यांनी भारतीय सांकेतिक भाषा शिकायला घ्यावी. खुणांमुळे मूल बोलायचं राहतं ही भीती घातली गेल्यामुळे आजवर बऱ्याच मुलांची भाषेची वर्षं फुकट गेली आहेत. तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि पुढची मदत सहाव्या महिन्याच्या आत सुरू, असा क्रम तज्ज्ञ सांगतात. घरी ताटावर चमचा आपटून बाळ दचकतं का ते पाहणं म्हणजे ही तपासणी नव्हे.